राजीनामा लिहिण्यापूर्वी

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आणि मोठेपणी तिच्या नेमके उलट वागलो. त्यात आपला फार मोठा दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. शेती पावसाच्या हाती, व्यापाराला भांडवल हवे. नोकरीला मात्र शिक्षण पुरत असे आणि ठरल्या तारखेला पगार हाती पडे. दोन-तीन पिढ्यांनी त्या तारखेच्या भरवशावर मुलाबाळांची शिक्षणे केली, लग्ने केली, घरे बांधली. नोकरीत आपले मन रमते की नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला क्वचितच विचारला, आणि विचारला तरी उत्तरासाठी फारसे थांबले नाहीत.

आज तोच प्रश्न घरोघर विचारला जात आहे, आणि तोही अशा वेळी की नोकरीची शाश्वती पूर्वीसारखी उरलेली नाही. २०२० साली टाळेबंदीत किती जणांची कामे एका रात्रीत थांबली हे आपण पाहिले. २०२२च्या अखेरीपासून जगातील मोठमोठ्या संगणक कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली, तेव्हा ज्या नोकऱ्यांकडे आपण हेव्याने पाहत होतो त्यांचाही पाया वाळूचाच आहे हे ध्यानात आले. माणसाची कोंडी अशी झाली आहे की नोकरी सोसवत नाही आणि सोडवतही नाही.

काही काळापूर्वी आमच्या परिचयाचे एक चाळिशीतले गृहस्थ संध्याकाळी घरी आले. एका यंत्रे विकणाऱ्या कंपनीत ते पंधरा वर्षे काम करीत होते. चहा होताच त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे ठेवला. तो राजीनामा होता. "काका, हा उद्या देतो," ते म्हणाले, "पुढचे पुढे." पुढे काय करणार, असे आम्ही विचारले. "ते अजून ठरवले नाही. पण इथे आता एक दिवसही नको." घरात वृद्ध आई, पत्नीची अर्धवेळ शिकवणी, दोन शाळकरी मुले आणि घराच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की हा कागद आठ दिवस आमच्याजवळ राहू द्या, आणि रोज संध्याकाळी येत चला. त्या आठ दिवसांत जे बोलणे झाले त्यातूनच या लेखाचा विषय निघाला.

प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की काम कंटाळवाणे झाले तरी ताण, आणि काम अंगाबाहेर गेले तरी ताणच. शास्त्रात या कल्पनेला रूप दिले ते हान्स सेलये या संशोधकाने. कॅनडात माँट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करीत असता त्याला असे दिसले की थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य यांपैकी कोणतेही संकट असो, प्राण्याच्या शरीरात काही बदल तेच ते घडतात. मूत्रपिंडावरील ग्रंथी फुगतात, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. १९३६ साली त्याने हे प्रसिद्ध केले. शरीर प्रथम दचकते, मग तग धरते, आणि संकट हटलेच नाही तर शेवटी थकून कोसळते, अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या.

यातली दुसरी पायरी फसवी आहे. तग धरलेला माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. तो वेळेवर कचेरीत जातो, कामे उरकतो, घरी येऊन जेवतो. फक्त रात्री तीनला जाग येते, मुलांवर कारण नसता खेकसणे होते, आणि रविवारी दुपारपासूनच सोमवारची धास्ती पोटात गोळा आणते. आमच्या गृहस्थांचे असे दोन वर्षे चालले होते आणि या काळात कचेरीत त्यांची वाखाणणीच होत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद घेतली. तिने तिला रोग म्हटले नाही. नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळ चाललेल्या कामाच्या ताणातून येणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. म्हणजे दोष माणसाच्या मनोबलात आहे असे समजून त्याला नुसता धीर देणे पुरेसे नाही. काम कसे रचले आहे तेही पाहिले पाहिजे.

मग कोणते काम माणसाला झिजवते? जास्त काम, असे उत्तर कोणीही देईल, आणि ते काही अंशी बरोबरही आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. परंतु सारे काही तासांवर अवलंबून नाही. तसे असते तर स्वतःच्या दुकानात पहाटेपासून राबणारा वाणी सर्वांत आधी खचला असता.

याचा उलगडा १९७९ साली रॉबर्ट कारासेक या अमेरिकन अभ्यासकाने केला. त्याने कामाकडे दोन बाजूंनी पाहिले. एक, कामाचा बोजा किती; आणि दुसरी, ते काम कसे व केव्हा करायचे हे ठरवण्याचा अधिकार किती. या दुसऱ्या गोष्टीला आपण मुखत्यारी म्हणू. बोजा मोठा आणि मुखत्यारीही मोठी असेल तर माणूस दमतो खरा, पण शिकतो, वाढतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे काम असे असते. बोजा थोडा आणि मुखत्यारीही थोडी, तर माणूस हळूहळू गंजतो. आणि बोजा मोठा पण मुखत्यारी शून्य, हे सर्वांत वाईट. फोनवर ओळीने शेकडो तक्रारी ऐकणारा, उत्तराचे शब्दही दुसऱ्याने लिहून दिलेले आणि किती मिनिटांत संभाषण संपवायचे तेही ठरवून दिलेले, असा नोकर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे लक्षात येईल. पुढे अभ्यासकांनी यात तिसरी गोष्ट जोडली : सोबत. अडचणीत हात देणारा सहकारी आणि ऐकून घेणारा वरिष्ठ असला की तोच बोजा हलका होतो.

याला पुष्टी मिळाली ती लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून. १९६७ साली तेथील सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली. सर्वसाधारण समजूत अशी होती की जबाबदारीचे ओझे साहेबाच्या डोक्यावर, तेव्हा हृदयविकारही त्यालाच व्हायचा. प्रत्यक्षात उलटे निघाले. तळच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडेना. १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुष नोकरांची दुसरी पाहणी सुरू झाली. तिच्यात असे दिसून आले की ज्यांना आपल्या कामावर मुखत्यारी कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. ही सारी माणसे कायम नोकरीतली होती, कोणी उपाशी नव्हते. तरीही हुकमाच्या ताबेदारीचे मोल त्यांच्या देहाने चुकते केले.

हे सर्व आमच्या गृहस्थांना सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पहिली दहा वर्षे मी याहून जास्त राबलो. पण तेव्हा गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते मी ठरवत होतो. आता दर दोन तासांनी संगणकावर हिशेब भरायचा आणि वरून विचारणा यायची." आपले दुखणे नेमके कोठे आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सापडले.

दुखणे शोधण्याची ही पायरी फार महत्त्वाची आहे, कारण नोकरी नको होण्याची कारणे निदान तीन असतात आणि तिन्हींवरचा इलाज वेगवेगळा आहे. पहिले, काम नको असते. दुसरे, काम बरे असते पण जागा नको असते : तो वरिष्ठ, ती कचेरी, तो तीन तासांचा प्रवास. तिसरे, माणूस स्वतःच आजारी वा खचलेला असतो, किंवा घरातले दुःख तो कचेरीच्या नावावर मांडत असतो. यासाठी स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. हेच काम दुसऱ्या वरिष्ठाखाली करायला मिळाले तर करीन का? याच ठिकाणी दुसरे काम दिले तर राहीन का? पंधरा-वीस दिवस रजा घेतली तर झोप परत येते का? पहिल्याचे उत्तर 'हो' असेल तर व्यवसाय बदलण्याची गरज नाही, जागा बदलावी. दुसऱ्याचे 'हो' असेल तर आधी खातेबदल मागून पाहावा. रजेतही मन उठत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे आणि धंद्याचा विचार नंतर करावा. जगणेच नकोसे वाटू लागले असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. मनाच्या दुखण्यासाठी मदत मागण्यात, दात दुखला म्हणून दंतवैद्याकडे जाण्याहून अधिक लाज वाटण्याचे काही कारण नाही.

समजा, निदान झाले आणि काम बदललेच पाहिजे असे ठरले. मग उद्याच राजीनामा का देऊ नये? याचे उत्तर ऑस्ट्रियातील एका खेड्याने दिले आहे. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. जागतिक मंदीच्या तडाख्यात १९२९-३०च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि गावातील ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबे बेकार झाली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी तेथील जीवनाचे बारकाईने निरीक्षण करून १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. रिकामा वेळ मिळाला की माणसे वाचतील, शिकतील, राजकारणात भाग घेतील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. घडले ते निराळेच. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही १९२९ ते १९३१ या काळात पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने चालताना अधिक सावकाश चालू लागले, जागोजागी थांबू लागले. दिवसाची टिपणे लिहायला सांगितली तर सकाळपासून दुपारपर्यंत काय केले तेही त्यांना आठवेना. बायकांच्या मागे घरकाम होतेच, म्हणून त्यांचा दिवस तेवढा बांधलेला राहिला.

याहोदा यांनी पुढे आयुष्यभर या अनुभवाचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते आणि त्या हातात असेपर्यंत आपल्या लक्षात येत नाहीत : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, मोठ्या कार्यात आपला वाटा, समाजात एक ओळख, आणि नियमित हालचाल. राजीनामा देणारा फक्त पगार सोडतो असे समजतो. तो या पाचही गोष्टी एकदम सोडत असतो. खचलेल्या माणसाजवळ नवा मार्ग शोधण्याची शक्ती आधीच थोडी असते. रिकामपण ती उरलीसुरली शक्तीही खाऊन टाकते.

याला बाजाराची बाजूही आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, अडचणीत आलेल्या उद्योगांतून बाहेर पडलेल्या जुन्या कामगारांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दुसरे काम मिळाले तरी कित्येक वर्षांनंतरही त्यांची मिळकत, काम सुटले नसते तर जी झाली असती तिच्यापेक्षा सरासरीने सुमारे एक चतुर्थांश कमी राहिली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपले कौशल्य दोन प्रकारचे असते. एक कोठेही चालते : हिशेब, लेखन, यंत्राची दुरुस्ती, माणसे सांभाळणे. दुसरे केवळ त्या एका ठिकाणी चालते : कोणती फाइल कोणाकडे न्यावी, कोणत्या गिऱ्हाइकाचा स्वभाव कसा, अमुक यंत्र कोठे अडते. पंधरा वर्षांच्या नोकरीत हा दुसरा साठा फार वाढतो, पगारही त्यामुळे वाढतो, आणि दरवाज्याबाहेर पाऊल टाकताच त्याची किंमत शून्य होते. तेजीच्या काळात नवा मालक ती शिकण्याची सवड देतो. मंदीत एका जागेला शंभर अर्ज आलेले असतात. तो कशाला थांबेल?

आपल्या डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण म्हणजे मुंबईचे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठाहून अधिक गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही; लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा गिरणीत काम मिळाले नाही. साचेखात्यात वीस-वीस वर्षे काढलेला वाकबगार विणकर गिरणीबाहेर अकुशल ठरला. कोणी रखवालदार झाला, कोणी फेरीवाला, कोणी कोकणात वा घाटावर गावी परतला. अनेक घरे त्या काळात बायकांनी सावरली. गिरणगावात परगावच्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया पूर्वीपासून होत्या. त्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. ज्यांचे गिऱ्हाईक गिरणी कामगारच होते त्यांनाही संपाची झळ लागलीच. परंतु रांधण्याचे कौशल्य एका यंत्राला बांधलेले नव्हते, ते कोठेही नेता येत होते. ज्याला आपण कौशल्य म्हणून मोजतही नव्हतो ते टिकाऊ ठरले, आणि ज्याचा अभिमान होता ते गिरणीच्या फाटकाआड राहिले.

पांढरपेशांचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. २०००-२००१ साली सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली सुमारे एक लाख नोकर बाहेर पडले. हाती एकरकमी पैसा आला. पुष्कळांनी तो ठेवीत गुंतवून त्या वेळच्या व्याजदराने पुढच्या आयुष्याचा हिशेब मांडला. पण पुढील तीन-चार वर्षांत ठेवींवरील व्याजदर झपाट्याने उतरले, आणि केवळ व्याजावर विसंबलेल्यांचे गणित कोलमडले. ज्यांनी बाहेर पडण्याआधीच काही काम योजून ठेवले होते त्यांना हा धक्का सोसणे सोपे होते. वर्तमानकाळ कायम राहील असे धरून केलेला हिशेब हा मंदीच्या काळात सर्वांत महाग पडतो.

मग नवा व्यवसाय निवडावा तरी कसा? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणारी पहिली कचेरी जानेवारी १९०८ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे निघाली. त्या आधीच्याच शरद ऋतूत तेथे मोठे आर्थिक अरिष्ट येऊन गेले होते. कचेरी काढणारा फ्रँक पार्सन्स हा स्वतः इंजिनिअर, मजूर, शिक्षक, वकील आणि प्राध्यापक अशा अनेक वाटा तुडवलेला माणूस होता. त्याच वर्षी तो वारला आणि व्यवसायनिवडीवरील त्याचे पुस्तक १९०९ साली निघाले. त्याची पद्धत तीन वाक्यांत मावते. स्वतःला ओळखा : आवड, कुवत, साधने आणि उणिवा. धंदे ओळखा : त्यांत यश कशाने मिळते, पगार काय, तोटे काय, भवितव्य काय. आणि मग या दोहोंचा मेळ डोके शांत ठेवून घाला. येणाऱ्याला तो शंभराहून अधिक प्रश्न विचारी आणि उत्तरे लिहून आणायला लावी, कारण लिहिताना माणूस स्वतःला तितकेसे फसवू शकत नाही.

शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी ही पद्धत जुनी झालेली नाही. आम्ही तिच्यात, वर सांगितलेल्या संशोधनाच्या आधाराने, थोडी भर घालू. स्वतःची ओळख करून घेताना मला काय आवडते एवढ्यावर थांबू नये. माझ्या कौशल्यांपैकी कोठेही चालणारे कोणते आणि इथेच संपणारे कोणते, याची दोन रकान्यांत यादी करावी. धंद्याची पारख करताना पगाराइतकीच मुखत्यारी पाहावी. तिथे दिवस कसा जातो, काम कोण ठरवतो, चुकले तर काय होते, हे त्या धंद्यातल्या निदान तीन माणसांना विचारावे; त्यांतला एक तरी तो धंदा सोडून आलेला असावा. नाहीतर बोजा तोच, ताबेदारी तीच आणि फक्त पाटी निराळी, असा प्रकार होतो. आगीतून निघून फुफाट्यात पडणारे बहुधा असेच पडतात : ते कशापासून पळायचे हे ठरवतात आणि कोठे जायचे हे ठरवत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, जाण्याआधी पूल बांधावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपण उद्योगाच्या धाडसाचे उदाहरण म्हणून वाचतो. पण ते धाडस किती सावधपणाने केले होते तेही पाहावे. मुंबईत तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिक्षकाची नोकरी करीत असतानाच ते सायकली घेऊन बेळगावी धाडीत आणि त्यांचे बंधू तेथे त्या विकीत व लोकांना चालवायला शिकवीत. बढती डावलली गेली आणि मन उठले तेव्हा बेळगावात दुकानाची वाट आधीच मळलेली होती. पुढे लोखंडी नांगराला शेतकरी जवळ करीनात, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज होता. तेव्हाही त्यांना चिकाटीने दिवस काढावे लागले. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली. नोकरीतल्या अपमानाने त्यांना पाऊल उचलायला लावले असेल, पण पाऊल कोठे ठेवायचे हे अपमानाने ठरवले नव्हते.

हा पूल प्रत्येकाला आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधता येतो. रविवारी दोन तास नवे काम करून पाहावे. मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम घ्यावा; नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे याच हेतूने निघाले. मात्र नोकरीच्या करारात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, हे आधी वाचावे. आणि घरात सर्वांना जवळ बसवून हिशेब मांडावा. हप्ता, शाळा, औषधपाणी आणि किराणा एवढाच खर्च धरला तर महिना किती लागतो? तेवढी रक्कम निदान सहा महिन्यांची, आणि मंदीत शक्य तर वर्षभराची, बाजूला आहे का? कंपनीने घेतलेला आरोग्यविमा नोकरीबरोबर संपत असेल तर स्वतःचा घेतला आहे का? हा हिशेब एकट्याने रात्री अंथरुणात केला की भीती वाढते. दिवा लावून घरच्यांसमवेत कागदावर केला की ती आटोक्यात येते. आम्ही असेही पाहिले आहे की जो खर्च कमी करता येणार नाही असे कर्त्या माणसाला वाटत होते तो बायकोने आणि मुलांनी हसत कमी केला.

येथे कोणी असे म्हणेल की हे सारे साठवणीला चार पैसे असणाऱ्यांचे शहाणपण झाले. ज्याचे महिनाअखेर भागत नाही त्याने पूल कशाने बांधावा? हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो झटकून टाकणार नाही. गिरणी कामगाराला कोणी आठ दिवस विचार करायला दिले नव्हते. जेव्हा एक अख्खा धंदाच बुडतो तेव्हा तो प्रश्न एकेका माणसाच्या हुशारीने सुटणारा राहत नाही. पुन्हा शिकण्याची सोय, शिकण्याच्या काळात चूल पेटती राहील एवढा आधार, आणि काम सुटल्यावर औषधपाण्याची हमी, या गोष्टी समाजाने आणि सरकारने उभ्या करायच्या आहेत. कामावर माणसांना थोडी मुखत्यारी देणे हे तर मालकांच्या हाती आहे आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. तोवर आपण निदान एवढे करू शकतो की नोकरी सुटलेल्या शेजाऱ्याला "सध्या काय करता?" असे चारचौघांत विचारणे थांबवावे, आणि त्याच्या कानावर एखादे काम घालावे.

त्या आठ दिवसांनंतर आमच्या गृहस्थांनी कागद परत नेला, पण तो दिला नाही. यादी करताना त्यांना आढळले की पंधरा वर्षांत त्यांना खरे समाधान मिळाले होते ते नव्या मुलांना यंत्रे शिकवताना. त्यांनी कंपनीत त्या खात्यात बदली मागितली. ती मिळाली नाही. मग परवानगी घेऊन ते रविवारी एका तंत्रशाळेत शिकवू लागले. सव्वा वर्षाने त्याच शाळेत त्यांना पूर्णवेळ जागा मिळाली. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी आहे. मोटार विकावी लागली, आणि जून महिन्यात शाळेच्या फीच्या वेळी अजूनही ओढाताण होते. हे सर्व ते मोकळेपणाने सांगतात. परंतु ते रात्री झोपतात, आणि कोणता पाठ कसा शिकवायचा हे त्यांचे ते ठरवतात.

नोकरी सोडू नये असा सल्ला देण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. पुष्कळ नोकऱ्या सोडण्याच्याच लायकीच्या असतात, आणि आयुष्य त्यांत घालवणे हा देहावर व घरावर अन्याय आहे. आमचे सांगणे एवढेच की "येथून जावे का" आणि "जावे तर कोठे" हे दोन प्रश्न निराळे आहेत. थकलेले मन पहिल्याचे उत्तर घाईने देते आणि दुसरा विसरते. काळ कठीण असेल तेव्हा दुसऱ्याचे उत्तर आधी शोधावे. ते सापडले की राजीनामा लिहायला फार वेळ लागत नाही, आणि तो लिहिताना हातही कापत नाही.